काळ्या पाण्यावर गेलेल्या बंदिवानाचे आयुष्य कागदपत्रांतून कसे शोधावे

महाराष्ट्रातील अनेक घरांत एक अर्धवट गोष्ट सांगितली जाते: पणजोबांचा एक भाऊ काळ्या पाण्यावर गेला आणि परत आला नाही. त्याने काय केले होते, त्याला कोठे नेले, तो तेथे किती वर्षे जगला, यांपैकी काहीही सांगता येत नाही, कारण लाजेपोटी किंवा भीतीपोटी घरात त्याचे नाव घेणेच बंद झालेले असते. अशा माणसाचे आयुष्य बऱ्याच प्रमाणात पुन्हा उभे करता येते. त्यासाठी शोध अंदमानात सुरू न करता ज्या न्यायालयात शिक्षा झाली तेथून सुरू करावा आणि कागदांच्या मागोमाग, बंदिवान गेला त्याच क्रमाने, पुढे जावे. बेटांवरच्या वसाहतीच्या दप्तराचा मोठा भाग 1942 ते 1945 या जपानी अमलाच्या काळात नष्ट झाला. मुख्य भूमीवर मात्र प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी काहीतरी लिहून वर पाठवत होते, आणि त्या नोंदींपैकी पुष्कळ आजही शाबूत आहेत.

पहिले काम काळ निश्चित करण्याचे आहे. काळे पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर केवळ अंदमान येते. परंतु अंदमानातील कायमची बंदी वसाहत मार्च 1858 मध्ये सुरू झाली. त्याआधी सत्तर वर्षे कंपनी सरकार हिंदुस्थानातील कैदी समुद्रापार पाठवतच होते. 1815 ते 1837 या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून सुमारे 1,500 बंदिवान मॉरिशसला गेले व त्यांनी तेथील रस्ते बांधले. 1836 मध्ये चार्ल्स डार्विन पोर्ट लुईला उतरला तेव्हा त्याने हे हिंदी कैदी प्रत्यक्ष पाहिले होते. पेनांग, मलाक्का आणि सिंगापूर येथेही मुंबई इलाख्यातले कैदी होते. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल अशाच बंदिवानांच्या मजुरीतून उभे राहिले. एडनलाही कैदी पाठवले जात. पुढे वासुदेव बळवंत फडके यांना जन्मठेपेसाठी तेथेच ठेवले आणि 1883 मध्ये तेथेच त्यांचा मृत्यू झाला. म्हणून घरातली आठवण पेशवाई बुडाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दशकांतली असेल, तर अंदमानच्या याद्या चाळण्यात वेळ घालवू नये.

साल नेमके ठाऊक नसेल, तर वंशावळीतून ते अंदाजाने काढावे. त्या माणसाच्या भावंडांच्या आणि मुलांच्या जन्माची साले, वाटणीपत्रे, गहाणखते आणि क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांतील नोंदी पाहिल्या, तर तो घरातून नाहीसा झाल्याचा दहा-पंधरा वर्षांचा पट्टा बहुधा सापडतो. शोध सुरू करायला तेवढा पुरतो.

दुसरा प्रश्न हद्दीचा. आजचा महाराष्ट्र त्या काळी एका सरकारखाली नव्हता. कोकण, पुणे, सातारा, नाशिक, खानदेश, अहमदनगर आणि सोलापूर मुंबई इलाख्यात होते. नागपूर 1861 पासून मध्य प्रांतात होते, वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली असले तरी त्याचा हिशेब वेगळा होता, आणि मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे रत्नागिरीच्या माणसाचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधावेत, भंडाऱ्याच्या माणसाचे नागपूरच्या. कोल्हापूर, सावंतवाडी यांसारख्या संस्थानांतल्या प्रकरणांसाठी संस्थानाची दप्तरे आणि पोलिटिकल एजंटाचा, म्हणजे संस्थानात नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्याचा, पत्रव्यवहार असे दोन्ही पाहावे लागतात, कारण एकाच खटल्याचा अर्धा भाग एकीकडे आणि अर्धा दुसरीकडे पडलेला असतो.

नाव शोधताना आजच्या आडनावावर विसंबून राहू नये. एकोणिसाव्या शतकातल्या फौजदारी कागदांत आडनाव पुष्कळदा लिहिलेलेच नसते. ‘रामा वलद शिवा’, ‘गोविंदा बिन आप्पाजी’ अशी बापाच्या नावासह नोंद असते, आणि बाईची नोंद ‘गंगी कोम सखाराम’ अशी नवऱ्याच्या नावाने असते. त्यापुढे जात, वय आणि गाव. इंग्रजी कारकुनाने हीच नावे आपल्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिली, त्यामुळे ठाण्याचे ‘टन्ना’ होते, खानदेशाचे ‘कँडिश’ होते आणि एकाच माणसाचे नाव तीन कागदांत तीन प्रकारे येते. शोध घेण्यापूर्वी नावाची आणि गावाची शक्य ती सर्व इंग्रजी रूपे एका कागदावर लिहून काढावीत व प्रत्येक रूपाने स्वतंत्रपणे शोधावे. बापाचे नाव, गाव आणि शिक्षेचे साल या तीन गोष्टी जुळल्याशिवाय मात्र माणूस सापडला असे समजू नये. रामा, गोविंदा ही नावे हजारो आहेत, आणि भलत्याच माणसाचे आयुष्य आपल्या घराण्याला चिकटवणे हा या शोधातला सर्वांत मोठा धोका आहे.

आता खटला. 1862 पूर्वीच्या प्रकरणांसाठी सदर फौजदारी अदालतीची, आणि त्यानंतरच्या प्रकरणांसाठी सत्र न्यायालयाची व मुंबई उच्च न्यायालयाची कागदपत्रे पाहावीत. सरकारकडे गेलेले अर्ज आणि शिक्षेतील बदल न्याय विभागाच्या खंडांत मिळतात. भारतीय दंडविधान 1 जानेवारी 1862 रोजी अमलात आले, त्यामुळे त्यानंतरच्या प्रत्येक शिक्षेपुढे कलमाचा आकडा असतो आणि त्या आकड्यावरून गुन्ह्याचे स्वरूप लगेच कळते: 302 म्हणजे खून, 395 म्हणजे दरोडा, 396 म्हणजे खुनासह दरोडा, 400 म्हणजे दरोडेखोरांच्या टोळीत असणे, 121 म्हणजे सरकारविरुद्ध युद्ध पुकारणे. पुष्कळ जणांना आधी फाशीची शिक्षा झालेली असते व नंतर ती काळ्या पाण्यावर आणलेली असते. अशा प्रकरणांत कागद अधिक मिळतात, कारण फाशी कायम करण्यासाठी प्रकरण वर जाई आणि साक्षी-पुरावा त्याबरोबर जाई. साक्षीदारांच्या मराठी जबान्या मोडी लिपीत असू शकतात. पुराभिलेखागारातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतले जातात. ज्याला हा शोध मनापासून करायचा आहे त्याने मोडी शिकण्यावाचून गत्यंतर नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रजी सारांशात माणूस गुन्हेगार म्हणून दिसतो, तर जबानीत तो आपल्या गावात, आपल्या भांडणासह आणि आपल्या बोलीत दिसतो.

याच टप्प्यावर जमिनीचे कागदही पाहावेत. मूळ दंडविधानात अशा गंभीर गुन्ह्यांसाठी मालमत्ता जप्त करण्याची तरतूद होती व ती 1921 मध्ये रद्द झाली. जप्ती झाली नसली तरी कर्ता पुरुष गेल्यावर शेत कोणाच्या नावावर चढले, वतन कोणाकडे गेले, सावकाराने काय घेतले, हे गावच्या दप्तरात उमटलेले असते. हक्कनोंदणी विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली. त्यानंतरच्या प्रकरणांत तलाठ्याकडील जुने फेरफार फार उपयोगी पडतात. शिक्षा एकाला झाली तरी तिचा भार कोणाकोणावर पडला हे याच कागदांवरून समजते.

शिक्षा झाली म्हणजे माणूस अंदमानला गेलाच, असे मात्र नाही. ही गोष्ट न तपासल्यामुळे अनेक शोध फसतात. मुंबई इलाख्यातील काळ्या पाण्याचे कैदी ठाण्याच्या तुरुंगात ठेवले जात आणि पाठवण्यापूर्वी त्यांची वैद्यकीय तपासणी होई. वय झालेले, आजारी किंवा कष्टाच्या कामास असमर्थ कैदी हिंदुस्थानातल्या तुरुंगांतच राहत. म्हणून निकालपत्र मिळाल्यानंतर रवानगीचा कागद शोधावा. जे कैदी जात त्यांचे वर्णनपत्र तयार केले जाई: नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, धंदा, गाव, गुन्हा, शिक्षेची तारीख आणि अंगावरच्या खुणा. उजव्या भुवईवर जखमेचा व्रण, पाठीवर तीळ, हातावर गोंदलेले नाव अशा ओळी त्यात असतात. पळालेल्या कैद्याला ओळखता यावे एवढाच त्यांचा हेतू होता. पण ज्या माणसाचे एकही छायाचित्र नाही, त्याच्या शरीराचे उरलेले वर्णन एवढेच असते, म्हणून या ओळी जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात. कपाळावर गुन्ह्याचे नाव गोंदलेले आढळले तर तो माणूस बहुधा बंगाल किंवा मद्रास इलाख्यातला आहे आणि काळ 1849 पूर्वीचा आहे, कारण त्या वर्षी ही अमानुष पद्धत कायद्याने बंद झाली.

प्रवासाची माहिती थोडी असते व तिच्यावर फार वेळ घालवू नये. आरंभीच्या काळात मुंबई व कराचीहूनही कैद्यांची जहाजे जात. पुढे इलाख्यातले कैदी रेल्वेने मद्रास किंवा कलकत्त्याला नेऊन तेथून आगबोटीने पाठवले जात. ‘महाराजा’ या आगबोटीचे नाव या संदर्भात वारंवार येते. एका खेपेत आलेल्या कैद्यांच्या तुकडीला तेथे ‘चालान’ म्हणत. आपल्या माणसाचे चालान कळले तर त्याच तुकडीतील इतरांची प्रकरणेही पाहावीत, कारण एकाच जिल्ह्यातील किंवा एकाच खटल्यातील माणसे बरोबर गेलेली असतात आणि एकाच्या कागदात दुसऱ्याचा उल्लेख सापडतो.

बेटावर उतरल्यावर बंदिवानाच्या गळ्यात लाकडी बिल्ला येई. त्यावर त्याचा क्रमांक, दंडविधानाचे कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख असे. विनायक दामोदर सावरकर यांच्या बिल्ल्यावर 1960 हे सुटकेचे साल होते, कारण त्यांना दोन जन्मठेपा मिळून पन्नास वर्षांची शिक्षा होती. शोधकाच्या दृष्टीने बिल्ल्यावरचा क्रमांक हीच सर्वांत मोलाची गोष्ट आहे. नावाचे स्पेलिंग बदलते, जात चुकीची लिहिली जाते, गाव गाळले जाते. परंतु वसाहतीतल्या शिक्षा, बढत्या, अर्ज, विवाह आणि मृत्यू या सर्व नोंदी क्रमांकावर चालत. एका कागदात क्रमांक मिळाला की पुढचा सगळा शोध त्या क्रमांकाने करावा.

आता खुद्द वसाहतीतले आयुष्य. येथे एक युक्ती सांगतो. वैयक्तिक नोंद मिळाली नाही, तरी त्या वर्षी लागू असलेले नियम मिळतात, आणि शिक्षेची तारीख त्या नियमांशेजारी ठेवली की माणूस कोणत्या वर्षी कोठे असण्याचा संभव होता याचे एक वेळापत्रक तयार होते. विसाव्या शतकाच्या आरंभी जन्मठेपेच्या पुरुष कैद्यासाठी साधारण अशी पायरी होती: पहिले सहा महिने सेल्युलर जेलमध्ये एकांतवास, त्यानंतर दीड वर्ष तुरुंगातच, पण इतरांबरोबर काम, मग तीन वर्षे बराकीत राहून बाहेर टोळीत सक्तमजुरी, रात्री कोंडून घेणे आणि वेतन काही नाही, त्यापुढची पाच वर्षे किंचित हलके काम, अल्प भत्ता आणि कैद्यांवरच्या लहानसहान जागांवर नेमणूक होण्याची शक्यता. अशी दहा वर्षे नीट काढली तर तिकीट मिळे. तिकीटवाला बंदिवान गावात राही, शेती करी, गुरे पाळी, लग्न करी किंवा देशातून कुटुंब बोलावी. पण त्याला वसाहत सोडता येत नसे. पूर्ण सुटका वीस ते पंचवीस वर्षांनी होई.

समजा, एखाद्याला 1907 च्या आरंभी जन्मठेप झाली आणि त्याच वर्षी त्याची रवानगी झाली. तो 1907-08 मध्ये कोठडीत, 1909 पर्यंत तुरुंगात, 1912 पर्यंत बराकीत असणार आणि वर्तन चांगले असेल तर 1917 च्या सुमारास त्याला तिकीट मिळणार. मग 1914 मध्ये त्याने घरी शेतीसाठी बी-बियाणे मागवणारे पत्र पाठवले, अशी घरची कथा असेल तर तिच्यात कोठेतरी सालाची चूक आहे असे समजावे. हे वेळापत्रक आधीच्या कैद्यांना मात्र लावू नये. 1858 मध्ये वसाहतीचा पहिला अधीक्षक डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर पहिले 200 कैदी घेऊन चॅथम बेटावर उतरला तेव्हा तेथे तुरुंग नव्हता, भिंत नव्हती, होते ते जंगल. पहिल्या काही महिन्यांत शेकडो कैदी पळाले, आणि पकडून आणलेल्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने एकाच दिवशी फाशी दिले. त्या पिढीचे आयुष्य म्हणजे पायात बेड्या, जंगलतोड, दलदल आणि ताप असे होते. पायऱ्या आणि बढत्या ही नंतरची व्यवस्था.

सेल्युलर जेलविषयीही हीच दक्षता घ्यावी. त्याचे बांधकाम 1896 मध्ये सुरू होऊन 1906 मध्ये पूर्ण झाले. मधल्या मनोऱ्यापासून निघणाऱ्या सात तिमजली शाखा आणि सुमारे सातशे कोठड्या अशी त्याची रचना होती. म्हणजे 1880 मध्ये गेलेला माणूस तेथे कोंडला गेला असे लिहिणे चूक आहे. त्याच्या वाट्याला रॉस, व्हायपर, हॅडो किंवा फिनिक्स बे येथील बराकी आल्या असण्याचा संभव अधिक. शिक्षा म्हणून वेगळे काढलेल्यांना व्हायपर बेटावर ठेवत. 1872 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचा वध करणाऱ्या शेर अली आफ्रिदीला फाशी दिले तेही व्हायपरवरच. 1901 च्या सुमारास वसाहतीत सुमारे 12,000 बंदिवान होते आणि जेल बांधून झाल्यावरही कोठड्या सातशेच होत्या, यावरून बहुतेकांचे बहुतेक आयुष्य भिंतीबाहेर, विटांच्या भट्ट्यांवर, लाकूडतोडीत, चॅथमच्या लाकूड गिरणीत, रस्त्यांवर आणि शेतांत गेले हे ध्यानात येईल. कोठडीतल्या दिवसांचे वर्णन करायचेच असेल तर कामाच्या ठरलेल्या प्रमाणावरून करावे. कोलूला, म्हणजे तेलाच्या घाण्याला, जुंपलेल्या कैद्याला दिवसाला तीस पौंड खोबरेल काढावे लागे. नारळाची सोडणे कुटून काथ्या काढणे हे दुसरे नित्याचे काम. प्रमाण पुरे झाले नाही तर खडी हातकडी (हात भिंतीला जखडून उभे ठेवणे) किंवा दंडाबेडी (पायांत लोखंडी दांड्याची बेडी). राजकीय कैद्यांनी हे सारे तपशिलाने लिहून ठेवले आहे आणि ते विश्वसनीय आहे. परंतु ते वाचताना लक्षात ठेवावे की लिहिणारे शिकलेले होते आणि ज्यांच्या शेजारी ते कोलू ओढत होते त्यांच्यापैकी बहुतेकांनी स्वतः एक ओळही लिहिलेली नाही.

शोध स्त्रीचा असेल तर नियम वेगळे होते. स्त्री बंदिवानांसाठी निराळा तुरुंग होता. काही वर्षे तेथे काढल्यावर त्यांना तिकीटवाल्या पुरुषाशी विवाह करण्याची मुभा मिळे. पुरुषांच्या मानाने स्त्रिया फारच थोड्या असल्यामुळे असे विवाह जात, प्रांत, कधी धर्मही ओलांडून झाले, आणि त्यांच्या संततीतून आजचा ‘लोकल बॉर्न’ म्हणून ओळखला जाणारा हिंदुस्थानी बोलणारा समाज तयार झाला. त्यामुळे एखाद्या मराठी बाईचा माग अंदमानात तिच्या मराठी नावाने लागेलच असे नाही. नवऱ्याचा क्रमांक व नाव शोधावे, तिची नोंद त्याच्यामागे मिळण्याचा संभव आहे. अशी कित्येक प्रकरणे मूळ खटल्यात नवऱ्याच्या किंवा तान्ह्या मुलाच्या खुनाची असतात. त्यांच्या जबान्या वाचताना विधवेला आणि नांदवली न जाणाऱ्या बाईला त्या काळी कोणता मार्ग उरत होता, याचा विचार केल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.

शेवट शोधताना चार शक्यता स्वतंत्रपणे तपासाव्यात: मृत्यू, पलायन, सुटका आणि मुख्य भूमीवर परत रवानगी. 1919-20 च्या तुरुंग समितीने अंदमानला कैदी पाठवणे थांबवावे अशी शिफारस केली आणि 1921 नंतर बरेच कैदी हिंदुस्थानातल्या तुरुंगांत परत आणले गेले. म्हणून ज्याचा मागोवा 1921 च्या सुमारास अंदमानात तुटतो, त्याला रत्नागिरी, येरवडा यांसारख्या तुरुंगांच्या कागदांत शोधून पाहावे. जन्मठेप झालेल्याची सुटकेची कल्पना काढताना वीस वर्षांचा हिशेब घ्यावा, कारण दंडविधानाच्या कलम 57 मध्ये शिक्षेचे अंश मोजण्यासाठी जन्मठेप वीस वर्षांची धरली होती. प्रत्यक्षात सुटका वर्तनावर आणि सरकारच्या मर्जीवर अवलंबून असे. सुटका होऊनही गावी न परतलेले अनेक होते. तेथे शेत, बायको, मुले, इकडे बहिष्कार. ते घरच्यांना विसरले, असा अर्थ यातून काढणे अन्यायाचे होईल.

हे कागद मिळतात कोठे, याविषयी थोडक्यात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृह विभागाच्या पोर्ट ब्लेअर शाखेचे कामकाज आहे आणि त्यातले पुष्कळसे ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येते. शोधाच्या चौकटीत माणसाचे नाव घालून काहीच निघाले नाही तर निराश होऊ नये. सूचीत प्रकरणाचे शीर्षक असते, नाव आतल्या पानावर असते. जिल्हा, साल, आणि ‘कैदी’, ‘सुटका’, ‘अर्ज’ यांसाठीचे इंग्रजी शब्द एकत्र घालून फायली काढाव्यात व त्या उघडून वाचाव्यात. वसाहतीचे वार्षिक अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरातही आहेत. त्यांत नावे क्वचितच असली तरी त्या वर्षीचे मृत्यू, साथी, अन्न आणि कामे यांची माहिती मिळते. आपला माणूस मरण पावला त्या वर्षी वसाहतीत कोणता रोग होता हे कळले तर मृत्यूच्या कोरड्या नोंदीला अर्थ येतो. सेल्युलर जेलच्या राष्ट्रीय स्मारकात कोरलेली नावे राजकीय बंदिवानांची आहेत. आपल्या माणसाचे नाव तेथे नसेल तर तो माणूस तेथे गेलाच नाही असा अर्थ होत नाही, आणि तो गेला म्हणजे क्रांतिकारक होता असाही होत नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर मी आग्रही आहे. घरातल्या आठवणीत दरोड्याचे बंड होते आणि सावकाराच्या खुनाचा उठाव होतो. कधी ते खरेही असते, कारण रामोशी, कोळी आणि भिल्लांच्या खऱ्याखुऱ्या बंडांवर सरकारने दरोड्याची कलमे लावली होती. पण कलम 302 खाली गेलेल्या माणसाने शेजाऱ्याला बांधावरून मारले असेल, तर तेच लिहावे. मारल्या गेलेल्या माणसाचेही घर होते व त्याच्या वंशजांच्या हाती हा मजकूर पडू शकतो. गुन्हा न लपवताही त्या शिक्षेची क्रूरता पूर्ण ताकदीने सांगता येते.

लिहून काढताना प्रत्येक विधानाशेजारी ते कागदावरून आले, नियमावरून अनुमानले, की घरात ऐकले, याची खूण करावी आणि फायलीचा क्रमांक व पान लगेच टिपून ठेवावे. नंतर तो पुन्हा सापडत नाही. मूळ कागदाची प्रत आणि मोडीचे लिप्यंतर वेगवेगळे ठेवावे. क्रमांक, बापाचे नाव, गाव, कलम, शिक्षेची तारीख आणि चालान यांचे एक पान सर्वांत वर लावावे, म्हणजे पुढे कोणाला अंदमानातून एखादी नवी नोंद हाती लागली तर ती याच माणसाची आहे की नाही हे त्याला पाच मिनिटांत ताडून पाहता येईल.